आचाऱ्यानं आधी जेवावं

आमच्या कारखान्यात बाटल्यांची झाकणं बनतात. औषधाच्या बाटलीची, सरबताच्या बाटलीची, तेलाच्या डब्याची. एकूण चारशे दहा माणसं कामाला आहेत आणि त्यांतली सकाळपाळीची अडीचशे माणसं साडेअकराच्या भोंग्याबरोबर कॅन्टीनच्या दारात हजर असतात. कॅन्टीन माझ्या खात्याकडे येतं. मी शिकलो कॉमर्स, लागलो प्रशासनात, आणि गेली बावीस वर्षं बटाटे वेळेवर आले का, शेगडीचा बर्नर दुरुस्त झाला का, वाफेच्या भांड्याची शिटी का वाजत नाही, हे बघण्यात गेली. या सगळ्या काळात एका गोष्टीकडे मला कधी बघावं लागलं नाही, ती म्हणजे स्वयंपाक. त्यासाठी मामा होते.

मामांना सख्खी बहीण एकही नाही, तरी अख्खा कारखाना त्यांचा भाचा. उंच, रुंद खांद्यांचा माणूस, डोक्यावर पांढरी टोपी आणि हातात लांब दांड्याचा झारा. बोलताना ते झारा हलवून बोलायचे, त्यामुळे त्यांच्याशी बोलणारा माणूस नेहमी दोन पावलं लांब उभा असायचा. कुणाची दाढ दुखते, कुणाला कांदा चालत नाही, कुणाच्या घरी बाळ झाल्यामुळे त्याची झोप झालेली नाही, हे त्यांना खिडकीतून ताट पुढे सरकवता सरकवता कळायचं. दाढवाल्याच्या ताटात पावाचा मऊ भाग पडायचा. त्यानं मागितलेला नसायचा.

पंचवीस वर्षांचे असताना ते एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात एका म्हाताऱ्या वस्तादांच्या हाताखाली शिकले. वस्तादांनी त्यांना दोन नियम दिले होते. पहिला, चाखून बघायचं नाही. वास, वाफ आणि उकळीचा आवाज यांवरून कळलं पाहिजे, चाखतो तो शिकाऊ. दुसरा, सगळे जेवून उठल्याशिवाय आचाऱ्यानं घास घ्यायचा नाही. मामांनी हे दोन्ही नियम एकतीस वर्षं पाळले. सकाळी सहाला येऊन कपभर काळा चहा प्यायचे, मग थेट साडेतीनला, भांडी घासायला गेल्यावर, पातेल्याच्या तळाशी उरलेलं वाटीत काढून एका कोपऱ्यात उभ्यानंच खायचे. तोपर्यंत ते गार झालेलं असायचं. मामी, म्हणजे त्यांच्या पत्नी, यावर वैतागायच्या. अडीचशे लोकांना वाढणाऱ्या माणसाला स्वतःसाठी पाच मिनिटं मिळत नाहीत, हे त्यांना पटत नसे. मामा हसून सोडून द्यायचे.

आमच्या कॅन्टीनची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. प्रत्येक टेबलावर मिठाची एक मोठी बाटली असते. लोक ताट घेऊन बसले की पहिला हात त्या बाटलीकडे जातो, झाकण उघडून दोन झटके, मग चमचा. बाहेरून आलेल्या पाहुण्याला ते एखाद्या कवायतीसारखं वाटतं. मामांना वाटायचं, हल्लीच्या लोकांना सवय लागली आहे. एकदा माझ्याजवळ ते कळवळून म्हणाले होते की रक्तदाब वाढतो म्हणून वर्तमानपत्रात एवढं छापून येतं, तरी ही पोरं ऐकत नाहीत. मी मान डोलावली. मीही तेव्हा नुकतेच दोन झटके मारून आलो होतो.

कारखान्यात दरवर्षी सगळ्यांची वैद्यकीय तपासणी होते. त्याचं परिपत्रक मीच काढतो. ‘रक्ताचा नमुना देण्यासाठी सर्वांनी रिकाम्या पोटी यावे. आदल्या दिवशी रात्री आठनंतर पाण्याखेरीज काहीही घेऊ नये.’ साखर बघायची असते, म्हणून ही अट. गेल्या वर्षी मुख्य कार्यालयानं त्यात स्वयंपाकघरातल्या लोकांसाठी एक नवा नियम घातला. रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा जो आकडा असतो तो, दोनच्या वर गेला तर त्या माणसानं अन्नाला हात लावायचा नाही. तीन तपासण्या सलग तशाच आल्या तर निवृत्तीपर्यंत दुसऱ्या कामावर. नियम चांगल्या हेतूनंच केला होता. अन्नातून कावीळ पसरू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

मामांचा आकडा आला दोन पूर्णांक चार.

त्याच्या आदल्या आठवड्यात परदेशी खरेदीदार आले होते, कॅन्टीनवर दुप्पट काम पडलं होतं. लेथवर काम करणारा आमचा टर्नर, ज्याच्या तोंडाला कुलूप नाही, तो खिडकीपाशीच म्हणाला होता, “मामा, डोळ्यात हळद गेली का?” मामांनी झारा दाखवला, रांग हसली. चार दिवसांनी अहवाल माझ्या टेबलावर आला तेव्हा मात्र मला हसू आलं नाही.

मामांना स्वयंपाकघरातून काढून कुपनच्या काचेच्या खोलीत बसवावं लागलं. ही खोली कॅन्टीनच्या दाराशी आहे. तिथून शेगड्या वीस पावलांवर दिसतात. एजन्सीकडून दुसरा आचारी आला. तरुण, चटपटीत, कानात गाणी लावून काम करणारा. मामा काचेआडून त्याच्याकडे बघत बसायचे आणि त्यानं पातेल्यावर झाकण ठेवलं की कुपन द्यायचं विसरायचे. जेवण वाईट नव्हतं. खरं सांगायचं तर टेबलावरच्या मिठाच्या बाटल्यांना त्या दिवसांत फारसं कुणी हात लावत नव्हतं. पण दाढवाल्याला कडक पाव मिळू लागला, आणि कांदा न खाणारा ताटातून कांदा वेचत बसू लागला. लोक जेवून गुपचूप निघून जायचे.

कारखान्याचे डॉक्टर मंगळवारी दोन तास येतात. त्यांनी मामांची संसर्गाची तपासणी करून घेतली, ती स्वच्छ. पोटाची सोनोग्राफी केली, तीही स्वच्छ. यकृताचे बाकीचे आकडे मर्यादेत. संसर्ग नाही, तेव्हा घाई नाही, दीड महिन्यानं पुन्हा बघू, असं म्हणून डॉक्टरांनी अर्जावर सही केली.

त्या दीड महिन्यात मामींनी घरची आघाडी सांभाळली. शेजारणीनं सांगितलं तेल बंद, नणंदेनं सांगितलं अंडी बंद, मामींच्या आईनं फोनवरून सांगितलं की मीठ आणि दूधही बंद. उरला तो उकडलेला भोपळा आणि पातळ पेज, तीही वाटीभर. मामा चार किलोंनी उतरले. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. तक्रार त्यांनी केली नाही, कारण त्यांना परत शेगडीपाशी जायचं होतं. आणि तपासणीच्या आदल्या दिवशी तर त्यांनी सकाळपासूनच काही खाल्लं नाही. मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाले की तुमच्या कागदावर रात्री आठ लिहिलं होतं, म्हटलं आपल्याकडून कमी पडायला नको.

दुसरा आकडा आला तीन पूर्णांक एक.

आता एकच तपासणी उरली. मामांच्या निवृत्तीला पावणेदोन वर्षं होती, आणि ती सगळी त्या काचेच्या खोलीत जायची वेळ आली. त्या दिवशी संध्याकाळी ते माझ्या खोलीत आले, उभेच राहिले आणि म्हणाले, “साहेब, मला झाडू मारायला ठेवा. पण आतल्या बाजूला ठेवा.”

ते गेल्यावर मी जे मला येतं ते केलं. कपाट उघडून मागच्या सात वर्षांच्या तपासण्यांच्या फायली काढल्या आणि एका कोऱ्या कागदावर रकाने आखले. वर्ष, तारीख, आकडा, शेरा. डॉक्टरांना दोन तासांत चाळीस माणसं बघायची असतात, जुन्या फायली उघडायला त्यांना वेळ कुठून मिळणार. मला मिळतो.

आकडे असे होते: एक पूर्णांक सात, एक नऊ, एक सहा, शून्य पूर्णांक नऊ, एक आठ, एक सात, दोन. मग या वर्षीचे दोन चार आणि तीन एक. म्हणजे मामांचं रक्त सात वर्षं थोडं पिवळंच होतं, फक्त दोनच्या वर न गेल्यामुळे कुणी विचारलं नव्हतं. पण माझी नजर चौथ्या ओळीवर अडकली. शून्य पूर्णांक नऊ. अगदी निरोगी माणसाचा आकडा. एकाच वर्षापुरती कावीळ बरी होऊन पुन्हा कशी येईल? मी त्या वर्षीचा मूळ कागद काढला. कोपऱ्यात पेन्सिलीनं, बारीक अक्षरात शेरा होता: ‘सकाळी यंत्र बंद. नमुना दुपारी चार वाजता, जेवणानंतर.’

मला शरीरशास्त्र येत नाही. पण एका रकान्यात सगळीकडे ‘उपाशीपोटी’ असेल आणि एकाच ठिकाणी ‘जेवणानंतर’, आणि नेमका तोच आकडा वेगळा असेल, तर कुठे बोट ठेवायचं एवढं कळतं. शिवाय ज्या वेळी मामा सगळ्यांत जास्त उपाशी राहिले, त्याच वेळी आकडा सगळ्यांत वर गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी तो कागद घेऊन दवाखान्यात गेलो. तिथे रक्त काढणाऱ्या आणि तपासणाऱ्या तंत्रज्ञ बाई आहेत. कारखाना त्यांना सुईताई म्हणतो, आणि दंड पुढे करताना मोठमोठे फिटरसुद्धा त्यांच्याशी अतिशय नम्रपणे बोलतात. पेन्सिलीचा तो शेरा त्यांचाच होता. त्यांनी कागद वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला, आणि खुर्चीत मागे रेलून हसायला लागल्या. मला म्हणाल्या, मामांना बोलवा आणि येताना त्यांना काहीतरी खायला घाला.

मामा अंडं आणि पाव खात खात, जरा लंगडतच आले. बऱ्याच दिवसांनी खात असल्यामुळे त्यांना बोलायला सुचत नव्हतं. सुईताईंनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि विचारलं की पायाला काय लागलं आहे. कुपनच्या खोलीत लोखंडी ट्रॉली आहे, ती मामांच्या नडगीवर आठ दिवसांपूर्वी आदळली होती. त्यांनी पँट वर केली. मध्ये थोडा जांभळा डाग उरला होता, त्याच्याभोवती हिरवट कडा, आणि त्याच्याही बाहेर फिकट पिवळं.

“बघा,” ताई म्हणाल्या, “तुमचा सगळा अहवाल तुमच्या नडगीवरच आहे.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मी मला समजलं तसं लिहितो. रक्त लाल दिसतं ते हिमोग्लोबिनमुळे, आणि हिमोग्लोबिनमधला लाल भाग म्हणजे हीम. ही एक चपटी कडी असते आणि तिच्या मधोमध लोखंडाचा एकच कण बसवलेला असतो. आपण श्वासात घेतलेला प्राणवायू त्या कणाला धरून शरीरभर फिरतो. हे हीम मुख्यतः हाडांतल्या मगजात तयार होतं, अखंड, आपण झोपलेले असतानाही. कच्चा माल अगदी साधा, ग्लायसिन नावाचा एक बारका घटक आणि त्याचा एक जोडीदार. त्यांच्यापासून आठ पायऱ्यांत कडी बनते. गंमत म्हणजे ही आठही कामं एका जागी होत नाहीत. पेशीच्या आत इवल्या भट्ट्या असतात. पहिली पायरी भट्टीत होते, मग माल भट्टीबाहेर येतो, तिथे चार पायऱ्या होतात, आणि शेवटच्या तीन पायऱ्यांसाठी तो पुन्हा भट्टीत जातो. लोखंड बसवायचं ते अगदी शेवटी.

मामांचं खाणं थांबलं होतं. शेगडीवर सुरुवात, मग ओट्यावर, मग पुन्हा शेगडीवर आणि मीठ शेवटी, असंच ना, असं त्यांनी विचारलं. ताई म्हणाल्या, तसंच. मामांनी समाधानानं मान हलवली. शरीराला स्वयंपाकाची पद्धत ठाऊक आहे, याचं त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

पण हे हीम ज्या लाल पेशीत राहतं, ती पेशी चारच महिने टिकते. म्हातारी झाली की प्लीहा तिला पकडते आणि मोडते. हीमची कडी उघडली जाते. लोखंड वाया जात नाही, ते काढून पुन्हा मगजाकडे पाठवलं जातं, नव्या कडीत बसायला. उरलेला भाग आधी हिरवा होतो, मग पिवळा. मार लागून कातडीखाली रक्त साकळतं तेव्हा हेच काम आपल्याला उघड्या डोळ्यांनी दिसतं, म्हणून डाग जांभळ्याचा हिरवा आणि हिरव्याचा पिवळा होतो. तो पिवळा रंग म्हणजे बिलिरुबिन.

“म्हणजे घाण नाही ती,” मामा म्हणाले. “खरकटं आहे.”

ताईंना हा शब्द फार आवडला. त्या म्हणाल्या, हो, खरकटं, आणि तेही तेलकट. पाण्यात विरघळत नाही. रक्तातून ते यकृताकडे जातं आणि यकृत त्याला साखरेपासून बनवलेला एक तुकडा चिकटवतं. मग ते पाण्यात विरघळतं, पित्तातून आतड्यात उतरतं, तिथले जंतू त्याचा रंग आणखी बदलतात आणि ते शरीराबाहेर पडतं. सकाळी आपल्याला जे रंग दिसतात ते त्याचेच. यावर मामांनी एक शेरा मारला, तो मी इथे लिहीत नाही.

मग ताईंनी मुद्द्याला हात घातला. तो तुकडा चिकटवायचं काम यकृतात एक विशिष्ट घटक करतो. काही माणसांत तो जन्मापासूनच कमी असतो, इतरांच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. रोजचं काम त्यात भागतं. पण माणूस उपाशी राहिला, किंवा झोप न घेता राबला, की खरकटं तुंबतं आणि डोळे पिवळे दिसतात. जेवला, झोपला, की दोन दिवसांत निवळतं. हा आजार नाही. तो कुणाला लागत नाही, त्यानं यकृत बिघडत नाही, त्याला औषध लागत नाही. त्याला गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतात आणि शंभरात चारपाच माणसं तरी अशी सापडतात.

मामांनी उरलेला पाव खाली ठेवला. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, “म्हणजे माझ्याकडे सामान आहे, शेगडी आहे, सगळं आहे. फक्त भांडी घासायला माणूस कमी आहे?”

“आणि त्या एकाला तुम्ही दिवसभर उपाशी ठेवता,” ताई म्हणाल्या.

पंचवीस वर्षं डॉक्टरकी केलेल्या माणसाला एका कारकुनानं रकाने दाखवणं अवघड असतं, म्हणून मी मंगळवारी भीत भीतच गेलो. डॉक्टरांनी कागद बघितला आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला. म्हणाले, हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं, छापील अर्जात एकूण आकडा होता, फोड नव्हती, आणि मी फोड मागितली नाही. चुकलं ते त्यांनी सरळ चुकलं म्हटलं, त्यामुळे माझा त्यांच्याविषयीचा आदर वाढला. तिसऱ्या तपासणीसाठी त्यांनी स्वतःच्या हातानं सूचना लिहिली: तीन दिवस वेळच्या वेळी पोटभर जेवण, रात्री पूर्ण झोप, आणि नमुना नाश्त्यानंतर. त्याबरोबर तो आकडा फोडून द्यायचा, यकृतानं धुतलेलं, म्हणजे तुकडा चिकटवलेलं, किती आणि न धुतलेलं किती. शिवाय लाल पेशी वाजवीपेक्षा लवकर मोडत नाहीत ना, हेही बघायचं.

मामींना हे पटवायला मात्र अर्धा तास लागला. ज्या पथ्यासाठी त्यांनी दीड महिना जीव काढला, तेच आकडा वाढवत होतं, हे ऐकून त्या आधी माझ्यावर चिडल्या, मग शेजारणीवर. मग उठून त्यांनी भोपळा खिडकीतून शेजारणीला परत केला आणि तव्यावर तेल घातलं. मामा मला नंतर म्हणाले की ते तीन दिवस त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात खाल्लं नव्हतं इतकं खाल्लं.

तिसरा आकडा आला एक पूर्णांक तीन. त्यातलं धुतलेलं शून्य पूर्णांक दोन, बाकी सगळं न धुतलेलं, आणि रक्ताचे इतर आकडे जिथल्या तिथे. डॉक्टरांनी मोठ्या रुग्णालयातल्या यकृताच्या तज्ज्ञांचं मतही मागवलं. त्यांचं पत्र चार ओळींचं होतं: हा प्रकृतीतला जन्मजात वेगळेपणा आहे, आजार नाही, इतरांना धोका नाही, कामावर कोणतेही बंधन नको, जेवण वेळेवर घ्यावे. मुख्य कार्यालयानं ते मान्य केलं, फक्त शेवटच्या वाक्याबद्दल कॅन्टीनचा लेखी आदेश मागितला. मी तो लगेच काढला. ‘आचारी दररोज सकाळी अकरा वाजता, वाढप सुरू होण्यापूर्वी, बसून जेवतील.’

आणि इथे मामा अडले.

आदेश वाचून त्यांनी तो घडी करून माझ्या टेबलावर ठेवला. आवाज न चढवता सांगितलं की हे जमणार नाही. अडीचशे माणसं उपाशी उभी असताना आचारी ताट घेऊन बसला, तर वस्तादांना काय तोंड दाखवायचं? वस्ताद जाऊन अठरा वर्षं झाली होती, हे मी बोलून दाखवलं नाही. मी समजावलं, सुईताईंनी समजावलं, डॉक्टरांनी दम दिला. मामा ऐकेनात. आदेश पाळायचा नसेल तर स्वयंपाकघर मिळणार नाही, हे मलाही बदलता येत नव्हतं. ते त्या दिवशी परत काचेच्या खोलीत जाऊन बसले आणि कुपनं फाडत राहिले, समोर शेगडी पेटलेली असताना.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मामी कारखान्यात आल्या. फाटकावर त्यांनी माझं नाव सांगितलं, पण माझ्याकडे न येता थेट काचेच्या खोलीशी गेल्या. मी धावत पोहोचलो तेव्हा त्यांचं बोलणं सुरू झालं होतं. फार मोठ्यानं नाही. आजूबाजूला दोनतीन माणसं होती, ती भिंतीवरची जुनी सूचना अचानक मन लावून वाचू लागली.

“तुमचे वस्ताद थोर होते,” मामी म्हणाल्या. “पण घरी एकतीस वर्षं मी तुमच्यानंतर जेवते. रोज. गार. मला कुणी थोर म्हटलं नाही, आणि तुम्ही कधी विचारलं नाहीत.”

मामांनी कुपनांची वही मिटली. मामींनी पदरानं कपाळ पुसलं आणि काचेवर पडलेला डाग बोटानं घासत राहिल्या. मग मामांनी विचारलं, आज घरी काय केलं आहेस. त्या म्हणाल्या, अजून काही केलं नाही. मामा म्हणाले, मग संध्याकाळी मी आल्यावर दोघं मिळून बसू. एवढं बोलून ते उठले, खुंटीवरची पांढरी टोपी घेतली आणि माझ्याकडे हात पुढे केला. मी खिशातून तो घडी केलेला आदेश काढून दिला.

सोमवारी ते पुन्हा शेगडीपाशी होते. बातमी आधीच पसरली होती, त्यामुळे पावणेअकरालाच रांग लागली. भोंग्याला पाऊण तास असताना एवढी माणसं मशीन सोडून कशी आली, याची चौकशी मी केली नाही. सुईताई दवाखान्याला कडी लावून आल्या होत्या. बटाट्याचं सूप, पाव, उकडलेली अंडी असं साधंच जेवण होतं. मामांनी खिडकीजवळच्या टेबलावर स्वतःचं ताट आणलं आणि रांगेकडे पाठ करून बसले. त्यांचे कान लाल झाले होते. अडीचशे माणसं इतकी शांत मी फक्त अपघाताच्या सरावाच्या वेळी पाहिली आहेत.

त्यांनी सुपाचा पहिला चमचा तोंडात घातला. वाफ येत होती. ते थांबले. दुसरा चमचा घेतला. तो बराच वेळ तोंडात घोळवला. मग त्यांची नजर टेबलावरच्या मिठाच्या बाटलीवर गेली आणि तिथेच राहिली.

“साहेब,” ते मागे न वळता म्हणाले, “या सुपाला मीठ कमी आहे.”

मी म्हटलं, आहे थोडं.

“आज?”

रांगेतून टर्नरचा आवाज आला, “मामा, मी एकवीस वर्षांपूर्वी लागलो. त्याच्या आधीचं मला सांगता येणार नाही.”

कुणीतरी फिसकन हसलं, मग ताटं वाजली, मग सगळं कॅन्टीन हसायला लागलं. मामा वळून आमच्याकडे बघत राहिले आणि मग हळूहळू त्यांना उलगडा झाला, तो त्यांनी आम्हाला तिथेच सांगितला. साडेतीनला पातेल्याच्या तळाचं सूप आटून दाट झालेलं असायचं, म्हणून खारट लागायचं. ते खाऊन मामा दुसऱ्या दिवशी मीठ चिमूटभर कमी टाकायचे. असं एक नाही, एकतीस वर्षं. लोकांच्या ताटात गरम सूप जायचं, ते त्यांच्या तोंडाला कधी लागलंच नव्हतं.

“आणि एकानंही सांगितलं नाही?” मामांनी विचारलं.

टर्नर म्हणाला, झारा लांब असतो.

मामा उठले आणि मिठाच्या डब्याकडे निघाले. सुईताईंनी त्यांची वाट अडवली आणि ताटाकडे बोट दाखवलं. मामा मुकाट्यानं परत बसले. या वेळी तोंड रांगेकडे करून. सूप, पाव, दोन अंडी, सगळं संपवलं, तोंड पुसलं, आणि मगच आत गेले. तोपर्यंत कुणीही घाई केली नाही.

पुढचे तीन दिवस सूप खारट झालं, कारण एकतीस वर्षांची तूट त्यांना एकदम भरून काढायची होती. चौथ्या दिवशी जमलं. आता ते रोज अकराला जेवतात आणि पहिल्या चमच्यावर ठरवतात. वस्तादांचा चाखण्याचा नियम मोडला का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, मी चाखत नाही, जेवतो. टर्नरनं स्वतःहून रक्त तपासून घेतलं. त्याचा आकडा एक पूर्णांक नऊ निघाला, आणि तेव्हापासून मामा त्याला रोज डोळे दाखवायला लावल्याशिवाय ताट देत नाहीत.

टेबलावरच्या मिठाच्या बाटल्या आम्ही काढून घेतल्या. त्या माझ्या कपाटात ठेवल्या आहेत, तपासण्यांच्या फायलींशेजारी.